सेंट जेम्सच्या काकांना, पुण्याहून

काका, सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितोय. तुमच्या नातीला इंग्रजीत कळवलंय ते वेगळं; हे पत्र इकडच्या ताशेवाल्यांनीही वाचावं म्हणून उघडं ठेवलंय.

त्रिनिदादला मी आलो स्टीलपॅन ऐकायला. तेलाच्या पिंपाच्या तळातून ठोकून ठोकून सूर काढणारी माणसं बघायची होती. पोर्ट ऑफ स्पेनच्या पॅनयार्डांत, म्हणजे पॅनवाल्यांच्या सरावाच्या अंगणांत, ती भरपूर बघितली. मग एका संध्याकाळी तिथल्याच सेंट जेम्स भागात ‘बॉम्बे स्ट्रीट’ अशी पाटी दिसली, गंमत म्हणून फोटो काढत होतो, तेवढ्यात कुठूनसा ताशा ऐकू आला. पुण्यातल्या माणसाचे पाय अशा वेळी त्याला विचारत नाहीत.

तुमच्या अंगणात खोके आणि रद्दी पेटवलेली होती. भाकरी विस्तवाला लावावी तसे मातीचे ताशे आगीकडे तोंड करून मांडलेले. दमट हवेत बकऱ्याचं कातडं ढिलं पडतं, म्हणून शेकायचं. तुम्ही एकेक ताशा उचलून नखानं टिचकी मारत होतात आणि पसंत नसला तर वीतभर पुढे सरकवत होतात. आमच्या ताशाला आता फायबरचं पान असतं. पाना फिरवला की काम झालं.

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, पुण्यात पथकात ताशा वाजवतो. तुम्ही न बोलता दोन काड्या दिल्यात. त्यांना तुम्ही ‘चोप’ म्हणता हे ऐकून हसूच आलं, आमच्याकडे चोप वेगळ्या कारणासाठी देतात. मी सरळ लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीतली ताशाची तर्री लावली. अर्ध्या मिनिटानं तुमचा तळहात पानावर आला. “चांगलं आहे. पण हे लग्नातलं. हुसेनच्या दिवसांत हे वाजत नाही.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. होसे म्हणजे मोहरम, हुसेनच्या बलिदानाचा शोक, हे कागदावर वाचून आलो होतो आणि वाजवताना विसरलो. तुम्ही मला घालवून द्यायला हवं होतं. त्याऐवजी तुम्ही माझ्या हातात झांज दिलीत.

चार संध्याकाळी मी झांज वाजवली. पहिले दोन दिवस अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी ऐकू यायला लागलं. तुमच्यात ‘फुलर’ ताशा ताल धरून बसतो, ‘कटर’ ताशा त्याच्यावरून नक्षी काढत जातो आणि बास, म्हणजे मोठा ढोल, एका बाजूला काडीनं, दुसऱ्या बाजूला थापेनं वाजतो, अगदी आमच्या ढोलासारखा. तालाला तुम्ही ‘हँड’ म्हणता. लग्नाचे हँड वेगळे, तिकोरा, नगारा, चौबोला, होसेचे वेगळे. आम्हीही ‘हात बसला’ म्हणतो, पण आमचा एकच हात बसलेला असतो, मिरवणुकीचा.

आणि हो, ताशा आमच्याकडून गेला असं मी म्हणणार नाही. 30 मे 1845 ला ‘फतेल रझाक’ हे जहाज मजूर घेऊन कलकत्त्याहून तुमच्या बंदराला लागलं. त्यातले आणि नंतरच्या जहाजांतले बहुतेक मजूर बिहार, उत्तर प्रदेशाकडचे. ताशा त्यांचा. 1884 मध्ये होसेच्या मिरवणुका शहरात आणायच्या नाहीत असा इंग्रजांचा हुकूम निघाला, उसाच्या मळ्यांतले लोक तरी निघाले, आणि सान फर्नांडोत त्यांच्यावर गोळ्या चालल्या. हे तुम्ही मला ताशा शेकता शेकता सांगितलंत, मान वरही न करता.

होसेच्या मोठ्या रात्री तुम्ही मला बासच्या मागे उभं केलंत. मिरवणुकीत नाचवायचे ते चंद्रकोरीच्या आकाराचे दोन प्रचंड चंद्र, हुसेनचा लाल, त्याचा भाऊ हसनचा हिरवा. एक माणूस तो खांद्यावर घेऊन गिरकी घेतो, गुडघे लटपटायच्या आत दुसरा खांदा देतो. उचलणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आफ्रिकी वंशाची पोरं होती. दोन चंद्र समोरासमोर येऊन टेकले तेव्हा कटर असा काही पेटला की माझी झांज चुकली. तुम्ही मागे वळून बघितलंत. फक्त बघितलंत, त्याबद्दलही आभार.

तुमच्या नातीनं “आजी!” अशी हाक मारली की दर वेळी मी वळून बघायचो. तिकडे वडिलांच्या आईलाच आजी म्हणतात, इकडे दोघींना. आजींना माझा नमस्कार सांगा. डबल्स, म्हणजे तळलेल्या मऊ पोळ्यांत छोले, विकत घेऊन खाल्ले तेव्हा मी ‘स्लाइट पेपर’, म्हणजे तिखट कमी, म्हणायला शिकलो होतो. आजींच्या हातचे ‘बारा’, म्हणजे त्याच पोळ्या, आणि छोले खाताना ते म्हणायचं राहून गेलं, आणि रात्री मॅक्सी टॅक्सीपर्यंत, म्हणजे तिकडच्या छोट्या बसपर्यंत, तुम्ही सोडायला आलात तेव्हा मी रडत होतो ते निरोपामुळे नव्हतं.

गेल्या रविवारी नदीपात्रात आमचा सराव होता. पावसाची सर आली. आम्ही पुलाखाली पळालो, ताशे झटकले, पाच मिनिटांत पुन्हा सुरू. पान जरासुद्धा उतरलं नव्हतं. कुणाला रद्दी शोधायला जावं लागलं नाही, विस्तवाभोवती कुणी बसलं नाही. मी उगीचच पानावर नखानं टिचकी मारून बघितली.

तुमचा,
पुण्याचा झांजवाला