भूतखांबच्या लढ्याचे दप्तर वाचवण्यासाठी आवाहन

ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार. वाचनालयाच्या मागच्या खोलीत भूतखांबच्या पठारावरच्या नायलॉन 6,6 कारखान्याविरोधी लढ्याचे दप्तर आहे, हे आपणांस वेगळे सांगायला नको. पंचायतीचे ठराव, निवेदने, कात्रणे, मोर्चांचे फोटो, सह्यांच्या वह्या, सगळे तिथेच. यंदाच्या पावसात त्या खोलीची भिंत पाझरली. तीन पेट्या भिजल्या. कपाट हलवले तेव्हा चौथीत वाळवी निघाली. सह्यांच्या दोन वह्यांची पाने एकमेकांना चिकटली आहेत. त्यांत कुणाच्या आजीचा अंगठा आहे, कुणाच्या वडिलांनी जन्मात केलेली पहिली सही आहे. म्हणून हे पत्रक घाईने लिहीत आहे.

हे दप्तर उभे राहिले ते सोपेपणाने नव्हे. अमेरिकेच्या डुपाँटने थापर उद्योगसमूहाबरोबर टायरच्या नायलॉन धाग्याचा कारखाना गोव्यात केरीच्या भूतखांब पठारावर आणायचे ठरवले, तेव्हा पठाराखालच्या झरींचे आणि सावईवेरेपर्यंतच्या कुळागरांचे (सुपारी-नारळाच्या बागांचे) काय होणार, हा प्रश्न आधी आपल्या माणसांनी विचारला. धालोच्या लोकनृत्यात मांडावर गाणाऱ्या बायका रस्त्यावर बसल्या. जानेवारी 1995 मध्ये पोलीस गोळीबारात निलेश नाईक हुतात्मा झाला. त्याच वर्षी प्रकल्प गोवा सोडून तामिळनाडूत गेला. पुढे त्याच पठारावर सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आले तेव्हाही हेच दप्तर उघडून आपण बोललो, आणि 2007 च्या अखेरीस सरकारला गोव्यातील सेझ धोरण गुंडाळावे लागले.

या कामी ज्यांनी हात दिला त्यांचे ऋण आधी मानतो. मुख्याध्यापक सर निवृत्तीनंतर अकरा वर्षे रोज दुपारी येऊन कात्रणे तारीखवार लावत बसत. चहादेखील घरून आणत. वरच्या वाड्यावरच्या काकींनी आपल्या पाटल्या मोडून पहिली दोन कपाटे दिली आणि नाव लिहू दिले नाही. आजही लिहीत नाही. खोली ज्यांनी दिली ते भाटकार काका आता नाहीत, पण त्यांच्या मुलांनी भाड्याचा शब्द कधी काढला नाही. दुबईतल्या आपल्या मुलांनी झेरॉक्स मशीन पाठवले. भजनी मंडळाने सप्ताहाची शिल्लक दोनदा आपल्याकडे वळवली. एवढी माणसे मागे उभी होती म्हणून हे टिकले.

जुने कागद कशाला सांभाळायचे, असे काही जण विचारतात. कागद नसले की कंपनीला धरता येत नाही, हे उत्तर आहे. भोपाळच्या वायुकांडाची आठवण काढा. युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीत अमेरिकन मूळ कंपनीचा 50.9 टक्के हिस्सा होता. तरी 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने पीडितांचा दावा भारतात पाठवला, 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि मूळ कंपनी भोपाळच्या फौजदारी न्यायालयात कधी उभी राहिली नाही. नफा वर जातो, जबाबदारी खालच्या कंपनीच्या गळ्यात राहते.

पण आता वारे थोडे फिरले आहे. झांबियातल्या तांब्याच्या खाणीमुळे पाणी दूषित झालेल्या 1,826 गावकऱ्यांनी लंडनमध्ये खाणीच्या मूळ कंपनीवर, वेदांतावर, दावा लावला. तो तिथे चालू शकतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये सांगितले. त्याला आधार झाली ती मूळ कंपनीने स्वतःच छापलेली कागदपत्रे, जिथे तिने समूहातील खाणींच्या पर्यावरणाची काळजी आपण घेतो असे लिहिले होते! नायजेरियातल्या शेल कंपनीच्या तेलगळतीच्या प्रकरणात फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीच्या अंतर्गत कागदांचे महत्त्व पुन्हा सांगितले. कोडाईकनालचा पारा थर्मामीटरचा कारखाना 2001 मध्ये बंद पडला, आणि 591 जुन्या कामगारांशी युनिलिव्हरच्या भारतीय कंपनीने तडजोड केली ती 2016 मध्ये. पंधरा वर्षे त्या कामगारांनी आपले कागद जपले असणार, हे मी आमच्या खोलीतल्या पेट्यांकडे बघून म्हणतो.

आज आपल्याकडेही माणसे येतात. शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी मुली गेल्या महिन्यात आल्या. पगाराच्या पावतीवर ठेकेदाराचे नाव, ओळखपत्रावर दुसरेच, आणि माल ज्या नावाने परदेशी जातो ते तिसरेच. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे कुठे जमा होतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, वार्षिक अहवालाचे वाचन, विहिरीच्या पाण्याची रीतसर तपासणी, या तिन्ही कामांसाठी आपल्याकडे एकच माणूस आहे, आणि तोही नोकरी सांभाळून करतो.

मनाला लागलेली एक गोष्ट लिहितो, राग मानू नये. गेल्या चवथीला याच कामासाठी पेटी फिरवली. ज्या घरांतून लढ्यात तीन-तीन माणसे होती, तिथूनही दार अर्धे उघडून ‘मग बघू’ म्हणून परत पाठवले. हुतात्मा दिनाला फोटो काढायला गर्दी होते, दुसऱ्या दिवशी सतरंज्या उचलायला आम्ही चौघे. आम्ही थकलो आहोत हे खरे आहे, पण बंद करणार नाही.

गरज: भिंत व गिलावा, चार लोखंडी कपाटे, स्कॅनर व संगणक, पाण्याच्या तपासण्या, एका मुलाचे वर्षाचे मानधन, मिळून 2 लाख 40 हजार रुपये. पैकी 61 हजार जमले आहेत. रक्कम वाचनालयाच्या खात्यात (क्रमांक फलकावर आहे) किंवा रोख, पावती घेऊनच द्यावी. परदेशातून थेट पाठवू नये, परदेशी देणगीच्या कायद्याची अडचण येऊ शकते.  घरात जुने फोटो, पत्रके, नोटिसा असतील तर आणाव्यात, स्कॅन करून मूळ परत देऊ. वकील, हिशेबनीस आणि इंग्रजी वाचणारी पोरे हवीत, आठवड्यातून दोन तास पुरतील. वेळ संध्याकाळी 5 ते 7, सोमवार बंद. हुतात्मा दिनाच्या आत भिंत व्हायला हवी, गवंड्याने आगाऊ रक्कम मागितली आहे.

आपला नम्र,
चिटणीस
(वाचनालय कार्यकारिणीच्या वतीने)