साहेब, तुमच्या फ्लेक्सचं आम्ही स्ट्रेचर केलं

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: फुटबॉल मैदानावरच्या अँब्युलन्सबाबत (जी नव्हती)

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल. आमच्याकडं कुशल नाही, म्हणून हा कागद.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो, राहायला मंगळवार पेठेत. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून राइट विंगला खेळतो. खेळायचा म्हणू का खेळतो म्हणू, हे अजून घरात ठरलेलं नाही.

तेरा दिवसांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या हाफमध्ये मधनं थ्रू बॉल आला, पोरगं बॅकला मागं टाकून सुटलं आणि समोरचा गोली लाइन सोडून पुढं आला. दोघांची नजर बॉलवर. बॉलला आधी पोराचा पाय लागला आणि गोलीचा गुडघा पोराच्या नडगीवर बसला. स्टँड बोंबलत होतं, तरी तो आवाज मला ऐकू आला. लेथवर टूल मोडलं की येतो ना, कोरडा, तसला. पाय गुडघ्याच्या खाली जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. आत शिनगार्ड होतं, नियमाप्रमाणं. ते मधोमध चिरलं होतं.

गोलीला मी दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी ते पोर एकटंच दवाखान्यात आलं, दारात उभं राहिलं, आत यायला तयार नव्हतं. दोन पेठांचं वैर तुम्हाला माहीत असेल, नसलं तर इथल्या पोलिसांना विचारा. माझी बायको म्हणाली, "बस, मी चहा आणतो." आमच्याकडं बायका असंच बोलतात. तासभर दोघं पोरं मोबाइलवर बार्सिलोनाची मॅच बघत बसली. फुटबॉल आहे, टक्कर होणारच. माझं भांडण टकरीनंतरच्या चाळीस मिनिटांशी आहे.

मैदानावर स्ट्रेचर आहे. खोटं बोलणार नाही. त्याचं कापड मधनं फाटलंय आणि त्यावर लाइन मारायच्या फक्कीची पोती रचलेली असतात. डॉक्टर नाही. अँब्युलन्स नाही. चार ठिकाणी फोन लावले, सगळीकडून "निघाली, निघाली". शेवटी पोरांनी कंपाउंडला बांधलेला एक फ्लेक्स लाकडी चौकटीसकट उपटला आणि त्यावर माझ्या मुलाला घेतला. फ्लेक्सवर लिहिलं होतं, "खेळाडूंच्या सेवेसाठी मैदानावर कायमस्वरूपी रुग्णवाहिका, घोषणेबद्दल मा. साहेबांचे जाहीर आभार." मधे साहेब हात जोडून उभे, आणि वर ओळीनं गोलातल्या फोटोंत तुम्हीही होता. घोषणा तुमची नव्हती हे मान्य. गेल्या वर्षी स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची होती. ते तेव्हा कुठल्या पक्षात होते आणि आता कुठल्या, हे मी विचारायचं सोडून दिलंय. पण आभार मानून झाले, फ्लेक्सही छापून झाला, फक्त गाडी तेवढी यायची राहिली. तरी घोषणा वाया गेली असं कसं म्हणू? पोरगं त्याच्यावरूनच गेलं. गेटाबाहेर वैरणीचा छोटा हत्ती उभा होता, त्यात फ्लेक्ससकट ठेवला. कोणी मान धरत होतं, कोणी पाय ओढून सरळ करत होतं, एकजण तोंडावर पाणी मारत होता. मोडलेला पाय आहे तसा बांधायचा, ओढायचा नसतो, हे मला चार दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं.

नडगीची दोन्ही हाडं. आत सळी घातली, वरखाली स्क्रू. मी तीस वर्षं सळ्या कातल्यात, साहेब. एक्स-रे उजेडाला धरला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे की आटे छान कापलेत. मग बाहेर जाऊन बसलो.

बिल एक लाख अडुसष्ट हजार. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंत मोफत म्हणून तुम्ही सगळे सांगता. काउंटरवर सांगितलं, "हे पॅकेजमध्ये बसत नाही." कार्ड दाखवलं, तर आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही. एकात काना आहे, एकात नाही. काना आणेपर्यंत पोराचा पाय थांबतोय होय? पतसंस्थेतून सत्तर काढले, बायकोच्या पाटल्या गेल्या, उरलेले मित्रांचे. तालमीनं वर्गणी काढून अकरा हजार दिले. पावती पाहिजे असल्यास जोडतो.

तुम्ही म्हणाल, एकाच्या पायासाठी मंत्र्याला पत्र? एक नाही. गेल्या दोन सीझनमध्ये मी ओळखतो त्यातलीच नऊ पोरं गुडघा नाहीतर घोटा घेऊन बसलीत. दोघांना डोक्याला मार लागला आणि दोघंही तीच मॅच पुढं खेळली, कारण उठून उभं राहिलं की आमच्याकडं टाळ्या वाजतात. हा आकडा चहाच्या गाड्यावर बोटं मोजून काढलाय. तुमच्या खात्याकडं खरा असेल तर छापा, मी माझा मागं घेतो.

आणि हे फक्त कोल्हापूरचं नाही. 5 डिसेंबर 2004, बंगळूर, फेडरेशन कपची फायनल. गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारता मारता मोहन बागानच्या गोलीवर आदळला, तिथंच कोसळला आणि गेला. देशातली मोठी स्पर्धा, टीव्हीवर चाललेली. पुढं काय झालं? गोलीवर दोन महिन्यांची बंदी. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 2006 मध्ये इंग्लंडात चेल्सीचा गोली पेत्र चेक याच्या डोक्याला रेडिंगच्या खेळाडूचा गुडघा लागला, कवटी फुटली. अँब्युलन्सला उशीर झाला म्हणून मोठा वाद झाला आणि पुढच्या सीझनपासून तिथल्या लीगच्या मॅचला खेळाडूंसाठी वेगळी अँब्युलन्स ठेवणं सक्तीचं झालं. तिकडं डोकं फुटल्यावर नियम बदलला, इकडं माणूस मेल्यावर गोली बदलला.

2021 ला डेन्मार्कचा एरिक्सन भर मैदानात कोसळला. छाती दाबली, शॉक दिला, माणूस परत आला आणि पुन्हा खेळला. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की सरकारी दवाखाना. सीपीआरला न्यायचं असतं एवढंच आमच्या पोरांना ठाऊक, छाती दाबून सीपीआर द्यायचाही असतो हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. एका रविवारी तासभर कोणी पाठवला असता तर पन्नास पोरं शिकली असती. पण त्या तासाचं उद्घाटन कोण करणार, फीत कुठं बांधणार?

"कोल्हापूर म्हणजे फुटबॉलची पंढरी" हे वाक्य आता कुणी भाषणात घेतलं तर मला उठून जावंसं वाटतं. पंढरीच्या वारीत निदान पाण्याचा टँकर तरी चालतो. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा चौकाचौकात त्याचे फ्लेक्स. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसहून नेमबाजीचं ब्राँझ आणलं तेव्हाही. पदक आलं की रथ तयार, पाय मोडला की वैरणीचा टेम्पो. 1952 ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले होते, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत आहे आणि आपण ते अभिमानानं सांगतो. मला आता ते ऐकून लाज वाटते. तेव्हा सरांचं घर, आता पाटल्या. सरकार तेव्हा कुठं होतं ते कळत नाही, आता कुठं आहे ते फ्लेक्सवर दिसतं.

मागणी लिहायची राहिलीच की. ज्या मॅचला तिकीट लावता, पोलीस बंदोबस्त मागवता, त्या मॅचला एक गाडी, एक डॉक्टर आणि न फाटलेलं स्ट्रेचर असल्याशिवाय शिट्टी वाजू देऊ नका. नोंदलेल्या खेळाडूचा विमा सक्तीचा करा. डोक्याला लागलेलं पोर पुन्हा आत पाठवायचं नाही, हे लेखी काढा. एवढंच. फार मोठं नाही, स्वागत कमानीच्या खर्चात बसेल.

डॉक्टर म्हणतात सहा महिने. पोरगं विचारतं, "पुढच्या सीझनला?" त्याची आई मान फिरवते. मी म्हणतो बघू.

आपला,
एक बाप, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. फ्लेक्स आमच्याकडंच आहे, जिन्याखाली ठेवलाय. चौकटीची एक पट्टी मोडली आहे, ती मी बसवून देतो. साहेबांच्या फोटोवर थोडी फक्की लागली आहे, पुसून जाईल. पुढच्या उद्घाटनाला लागणार असेल तर माणूस पाठवा. पण मॅच सुरू असेल तर आधी फोन करा, पोरं तो मैदानावर घेऊन जातात.