कमानीचं काय करायचं

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

डायव्हिंगसाठी इजिप्तमधल्या दहाबला जायचं ठरलं हे ऐकून बरं वाटलं. आपल्या मालवणच्या पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसतील का याची कधी कधी खात्री नसते. तांबड्या समुद्रात तीस मीटरवरही सगळं लख्ख. पण बोलता बोलता तू ब्लू होलच्या, म्हणजे तिथल्या किनाऱ्यालगतच्या खोल विवराच्या, भिंतीतल्या कमानीचं नाव काढलंस. ग्रुपमधले दोघं म्हणतायत, एकदा आरपार जाऊन येऊ. आई शेजारी बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता लिहितो.

ती कमान सुमारे 55 मीटरवर आहे. तुझं डायव्हिंगचं परवाना-कार्ड 30 मीटरचं आणि हौशी डायव्हिंगची हद्दच 40 ला संपते. हे आकडे कुणा भित्र्या माणसानं काढलेत असं तुम्हा पोरांना वाटतं. तेव्हा कागद-पेन घे.

तुझी टाकी 12 लिटरची, 200 बार दाबानं भरलेली. म्हणजे 2400 लिटर हवा. 50 बार राखून वर यायचं, तर हाताशी राहिली 1800. निवांत माणूस पाण्याच्या वर मिनिटाला 20 लिटर हवा घेतो असं धरू. 18 मीटरवर दाब 2.8 पट, मिनिटाला 56 लिटर. अर्धा तास आरामात निघतो. 55 मीटरवर दाब साडेसहा पट, मिनिटाला 130 लिटर. चौदा मिनिटंही पुरत नाहीत. घाबरलास की श्वास दुप्पट होतो, मग उरली सात. त्यातच कमान शोधायची, पंचवीसेक मीटरचा बोगदा पार करायचा आणि सावकाश वर यायचं. शिवाय एवढ्या खोलीवर थोडा वेळ थांबलास तरी वर येताना डीकॉम्प्रेशनचे थांबे, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणूनचे, घ्यावेच लागतात. त्याला हवा कुठून आणणार? बोगद्यातून सरळ वरही येता येत नाही, डोक्यावर दगड असतो.

आणि हा हिशेब शुद्धीतल्या माणसाचा झाला. तीस मीटरच्या पुढे हवेतला नायट्रोजन डोक्यात चढायला लागतो. दारू प्यायलेल्याला निदान आपण प्यायलोय हे ठाऊक असतं. इथं फक्त सगळं छान चाललंय असं वाटतं. पलीकडून येणाऱ्या उजेडामुळे कमान आहे त्याहून तोकडी दिसते. काहींना तर तिचं तोंडच सापडत नाही आणि ते शोधत आणखी खाली जातात. ब्लू होलच्या काठी कड्यावर मेलेल्या डायव्हरांच्या नावांच्या पाट्या आहेत. तुमच्या त्या दोघांना आधी तिथं उभं कर.

तू म्हणशील, बाबा, नौदलात तुम्हीही खोल जातच होतात की. जात होतो. पण वर सुपरवायझर घड्याळ लावून बसलेला असे, एक जण साज चढवून केवळ माझ्यासाठी तयार असे, आणि वर आल्यावर काही झालंच तर उपचाराचा दाबाचा चेंबर आणि डॉक्टर. किती खोल, किती वेळ, हे मी ठरवत नव्हतो. 'वर ये' म्हटलं की यायचं. तुझ्या डाइव्हला हे सगळं तू एकटा आहेस. गाइड असतो, पण तो वाट दाखवायला. सहा जणांचे हवेचे गेज त्याला पाठीमागे दिसत नाहीत. बडी, म्हणजे जोडीदार असतो, पण त्याचाही तोच पहिला आठवडा असला तर तो तुला काय वाचवणार? दुसऱ्याच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर विसंबून तर अजिबात पोहू नकोस. तो त्याच्या शरीराचा हिशेब ठेवतो, तुझ्या नाही.

आता जरा कडू बोलतो. लहानपणी तुला दम्याचा त्रास होता. दुबईत कोर्स करताना आरोग्याच्या फॉर्मवर त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलंस, असं तूच हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. छातीच्या नळ्या आकसल्या की हवा फुप्फुसात अडकते आणि वर येताना तीच हवा फुगत जाते. फुप्फुस फाटायला दीड मीटरही पुरतं. दमा होता म्हणून डायव्हिंग बंदच असं नाही, तपासणी करून पुष्कळ जण उतरतात. पण ते डॉक्टरला ठरवू दे. जाण्याआधी डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि खरं सांग. त्या कागदावर सही करताना आपण कुणाला फसवतो, याचा एकदा विचार कर.

नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची टाकी मिळाली तर त्यातला ऑक्सिजन स्वतः मोज, दुसऱ्यानं मोजला असला तरी. 32 टक्क्यांचं मिश्रण साधारण 34 मीटरपर्यंतच. त्याच टाकीनं कमानीकडे गेलास तर ऑक्सिजनच विष होतो, झटका येतो आणि तोंडातला रेग्युलेटर सुटतो.

ब्लू होल बघायचाच नाही असं मी म्हणत नाही. जवळच्या बेल्स नावाच्या खडकातल्या भेगेतून उतरून, भिंत खांद्याशी ठेवून पोहत यायचं आणि सहा-सात मीटरवरच्या उंबऱ्यावरून आत शिरायचं, ही डाइव्ह तुझ्या कार्डात बसते आणि मला विचारशील तर कमानीपेक्षा सुंदर आहे. तिथंही खाली तळ नाही हे लक्षात ठेव; तरंगणं हातात नसेल तर पहिले दोन दिवस उथळ जागी काढ. पाण्यात उतरण्याआधी मन नको म्हणालं तर 'आज नाही' म्हणायचं. कारण द्यावं लागत नाही. जो कारण मागेल त्याच्याबरोबर पुन्हा उतरू नकोस.

शेवटच्या दिवसाबद्दल: सेंट कॅथरिनला जाऊन सिनाई पर्वत चढायचा बेत आहे ना? तो 2285 मीटर उंच आहे, शरीराच्या दृष्टीनं विमानात बसल्यासारखंच. रोज डाइव्ह केल्यावर निदान 18 तास उंचावर जायचं नसतं. म्हणजे तो चढ आणि परतीचं विमान, दोन्हींच्या आदला अख्खा दिवस कोरडं राहायचं. तिकीट शनिवारी पहाटेचं काढलं असशील तर शुक्रवारची डाइव्ह सोड, किंवा तिकीट आजच बदल. फरकाचे पैसे मी पाठवतो.

तुझे,
बाबा