मतलेखनाची उमेदवारी संपादकीय पानावरच व्हावी

महोदय,

१९०३ पासूनच्या ‘निरोप्या’ आणि वसईच्या ‘सुवार्ता’ या मासिकांनी कॅथलिक समाजात मराठी लेखकांच्या पिढ्या घडवल्या. ‘सुवार्ता’चे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी आज पत्रकारिता शिकणाऱ्या वसईच्या मुलामुलींकडे दैनिके मागतात ते नाताळच्या गोठ्यावरचे चारशे शब्द! त्यांना तीन महिन्यांची इंटर्नशिप थेट संपादकीय विभागात द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

पहिला महिना नावानिशी काहीच छापू नये. वाचकांची पत्रे निवडायची आणि तीनशे शब्दांचे पत्र मूळ म्हणणे न हलवता सव्वाशेवर आणायचे. यातून मुद्दा नेमका कुठे असतो ते कळते. दुसरा महिना तथ्ये तपासण्याचा. ‘ख्रिस्ती झाले की आरक्षण जाते’ हे वाक्य दोन्ही बाजूंचे लेखक सर्रास लिहितात, पण ते अर्धेच खरे आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील धर्माची अट अनुसूचित जातींना आहे. ती १९५६ मध्ये शिखांसाठी व १९९० मध्ये बौद्धांसाठी सैल झाली, ख्रिस्तींसाठी नाही. अनुसूचित जमातींना मात्र ही अट मुळातच नाही. मूळ आदेश समोर ठेवून असे वाक्य दुरुस्त केलेला विद्यार्थी पुन्हा ऐकीव माहितीवर लिहीत नाही. तिसऱ्या महिन्यात सहाशे-सातशे शब्दांचे दोन लेख. त्यांतला एक चर्चबाहेरचा हवाच: पाणी, लोकल, वसईचा हरित पट्टा.

या मुलांचे लेखन हमखास घसरते ते प्रवचनाकडे. शेवटच्या परिच्छेदात उपदेश येतो, विरोधकांचे सर्वांत बळकट म्हणणे गाळले जाते, आणि मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), धर्मग्राम (एका चर्चच्या कक्षेतील भाविकांचा समुदाय), सिनड (चर्चची विचारविनिमय सभा) हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत असे धरले जाते. बिशपांचे पत्र जसेच्या तसे लेखात उतरवण्याची सवयही मोडावी लागेल.

लाभ दैनिकालाही आहे. ‘पोपचा फतवा’ असे मथळे अजून दिसतात. फतवा हे इस्लामी धर्मशास्त्रावरचे मत. पोप काढतात ते परिपत्रक. गुड फ्रायडेच्या ‘शुभेच्छा’ तर फार बोचतात. तो ख्रिस्ताच्या मरणाचा, उपवासाचा दिवस. त्या दिवशी मिस्साही होत नाही. पान सुटण्यापूर्वी हे थांबवणारे कुणीतरी टेबलावर हवे.

विद्यावेतन निदान रेल्वेचा पास आणि जेवण भागेल एवढे असावे, नाहीतर घरचा आधार असलेलीच मुले टिकतील. निवडीसाठी धर्मगुरूंचे शिफारसपत्र मागू नये. आपलाच एखादा अलीकडचा अग्रलेख द्यावा आणि त्याला ५०० शब्दांत उत्तर लिहायला सांगावे.

– वसईतील काही वाचक