चार वर्षांचा हिशेब

अमळनेर

चि. सुधीर यास अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात मी आमच्या म्हातारपणातल्या सांभाळाचा विषय काढला तेव्हा फोनवर तू म्हणालास, "आप्पा, आत्तापासून कशाला डोक्याला ताप? वेळ आली की बघू." त्यामागची माया मला कळते. परंतु वेळ आल्यावर बघणे म्हणजे काय, हे या घराने एकदा अनुभवले आहे, आणि त्याचा भार तुझ्या आईने वाहिला आहे. फोनवर माझे विषयांतर होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुझी आजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली तेव्हा तू नुकताच पुण्याला नोकरीला लागला होतास. दवाखान्यातले बारा दिवस सर्वांना आठवतात, कारण त्याचे बिल भागवायला मी पतपेढीचे कर्ज काढले होते. त्यानंतरची चार वर्षे मात्र कोणाच्याच हिशेबात नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती पुसून कोरडी ठेवणे, रोज चादरी धुणे, आणि शेवटच्या वर्षी नळीवाटे पातळ पेज देणे, हे सारे तुझ्या आईने एकटीने केले. आजीला कुठे हलवायचा विषय निघाला की ती अडखळत एवढेच म्हणे, "माले आठेच राहू द्या." आईची कंबर आज धरते ती तेव्हापासूनची आहे. मी शाळेतून आल्यावर औषधांच्या वेळा वहीत लिहीत असे आणि तेवढ्यालाच सेवा समजत असे.

म्हणून माझे ठरले आहे की आम्हा दोघांपैकी जो आधी पडेल त्याला उचलायला पगारी माणूस असावे आणि त्याचा पैसा आमचाच असावा. सूनबाई मेधाने त्यासाठी नोकरी सोडावी असे कोणी सुचवले, अगदी मी जरी म्हातारपणी हट्टाने सुचवले, तरी ते ऐकू नका.

आता पैशाचे पाहू. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्र सरकारने 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय केली आहे आणि माझे कार्ड निघाले आहे. पण हे कार्ड काय किंवा तू भरतोस तो मेडिक्लेम काय, मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतो. घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या बाईंचा पगार त्यातून निघत नाही. दीर्घ आजारात खरा खर्च तोच असतो, आणि तो किती वर्षे चालेल हे कोणालाच सांगता येत नाही.

माझे मूळ निवृत्तिवेतन 30,000 रुपये आहे. ते शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते, तर कुटुंब निवृत्तिवेतन त्या वेतनाच्या 30 टक्के; म्हणजे माझ्यामागे तुझ्या आईला 18,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता मिळेल. ही तूट ध्यानात घेऊन, बँकेतल्या ठेवीची मुदत संपताच मी 15 लाख रुपये तिच्या नावे पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 30,750 रुपये येतात, आणि हा दर पाच वर्षे बदलत नाही. ते पैसे ती अंथरुणाला खिळली तरच वापरायचे. तोवर व्याज वेगळ्या खात्यात साठू द्यावे. बोरीकाठची तीन एकर मी या हिशेबात धरलेली नाही. कपाशीच्या भावावर आणि पावसावर म्हातारपण टाकू नये, एवढे शहाणपण खान्देशात राहून आले आहे.

घर आत्ताच बक्षीसपत्राने तुमच्या नावे करावे, असा सल्ला काही नातलग देतात. तसे मी करणार नाही, आणि यात तुझ्यावर अविश्वास नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात परत मागता येते. पण त्यासाठी आईबापाला मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो. आपल्याच गल्लीतले एक गृहस्थ तीन वर्षे खेटे घालत होते. त्याच कायद्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे, जी दोन पाळ्यांच्या माणसांना पुरणारी नाही. त्यापेक्षा दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले आहे. घर तुझे आणि तुझ्या बहिणीचे, सुनंदाचे समसमान, परंतु आमच्या दोघांच्या पश्चात. तोवर गरज पडल्यास ते गहाण ठेवायला किंवा विकायला आम्ही मोकळे आहोत.

एक गोष्ट वकिलांकडून कळली. आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारे कुलमुखत्यारपत्र असते, पण ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते रद्द ठरते, म्हणजे नेमके हवे तेव्हाच ते उपयोगी पडत नाही. म्हणून व्याजाचे खाते आईच्या आणि तुझ्या नावे, दोघांपैकी कोणालाही काढता येईल असे करायचे आहे. सही करायला तुला यावे लागेल.

अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सुनंदा येणारच आहे. तेव्हा तूही मेधासह ये. कागद लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात आहेत. हे सर्व मी ठरवले, पण स्वतःवर वेळ आली तर तुझ्या आईला कोणाच्या हातून आणि कुठे राहून करून घ्यायला आवडेल, हे मी तिला आजवर विचारलेले नाही. तुम्ही सगळे समोर असताना विचारावे म्हणतो, कारण मी एकटा असलो की ती विषय बदलते.

तुझा,
आप्पा