सोमवारची फेरी बंद करू नका

मडगाव

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "पेट्रोल एवढं महाग, म्हणून हल्ली सोमवारी नार्व्याला जात नाही." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. माझी दहावीची परीक्षा चालू होती तेव्हासुद्धा आईने सप्तकोटेश्वराचा सोमवार चुकवला नव्हता. तो पेट्रोलपायी चुकावा हे मला सहन होत नाही.

बाबा, स्कूटर तुम्ही 2012 साली घेतलीत. पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, लिटरमागे 11 रुपये उतरले, आणि तुम्ही टाकी फुल्ल करून आम्हाला डिचोलीच्या बाजारातून फिरवून आणलंत. आता दर शंभरीच्या घरात आहे आणि त्यात 20 टक्के इथेनॉल. पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतंच. तुम्ही म्हणत होता ते बरोबर आहे.

गेल्या खेपेला मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. आतलं रबर फुगून मऊ पडलं होतं आणि तळाशी पाण्याचा थेंब. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसात ओलीला काय तोटा! पेट्रोल वाचवायला गाडी पडवीत उभी केलीत, आणि उभ्या उभ्याच ती बिघडली.

इथेनॉलवर माझा राग नाही. उसापासून, मक्यापासून ते होतं, त्यात शेतकऱ्याचं भलं आहे. धारबांदोड्याचा संजीवनी कारखाना इथेनॉलच्या निमित्ताने तरी पुन्हा सुरू झाला तर आत्याकडच्यांचा ऊस मार्गी लागेल. पण तुमची जुनी स्कूटर या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही.

म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. मी दोन वर्षं चालवतेय. पूर्ण चार्जिंगला साडेतीन युनिट वीज लागते. मागे कोणी बसलं, चढ लागला, तरी ऐंशी किलोमीटर सहज निघतात. घरच्या विजेच्या दराने हे पंचवीस रुपयांच्या आत बसतं. तेवढ्याच अंतराला तुमच्या स्कूटरला दोन लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. किंमत जास्त आहे हे खरं, पण अर्धे पैसे मी घालणार आहे, त्यावर वाद नको.

बाबांची शंका मला माहीत आहे: पावसात लाईट जाते, मग काय? रविवारी संध्याकाळी चार्जिंगला लावा, सोमवार निघून जातो. आणि कार विकायची घाई करू नका. मामाकडे बेळगावला जायचं तर चोर्ला घाटात तीच हवी. महिन्यातून एकदा निघते, तिचं पेट्रोल ते कितीसं.

आई, सीट उंच वाटेल अशी भीती धरू नकोस. येत्या रविवारी मी माझी स्कूटर घेऊन येते, अंगणात बसून बघ. पाय जमिनीला टेकले तरच पुढचं बोलू.

बाबा, तोवर एक काम करा. पडवीतला प्लग तीन पिनांचा आहे ना, आणि त्याला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. पागोळ्यांचं पाणी तिथवर उडतं, तेव्हा प्लग हातभर वर घ्यायला सांगा.

तुमची,
बाय