काल रात्री साडेआठ वाजता

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल रात्री साडेआठला रेडिओवर कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, लावली होतीत ना? म्हणजे आपण तिघांनी एकाच वेळी ऐकलं. तुमच्याकडे पानं घ्यायची वेळ आणि इथे केंब्रिजमध्ये दुपारचे तीन. मधेच कोणी खोकलेलं ऐकू आलं असेल, तर ते माझ्या शेजारचे आजोबा. मी नव्हे.

किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये (म्हणजे कॉलेजच्या चर्चमध्ये) एरवी संध्याकाळच्या प्रार्थनेला मी जाऊन बसते, ती सगळ्यांना खुली असते. पण 24 डिसेंबरच्या कॅरोलच्या कार्यक्रमाला सोडतीत नंबर लागावा लागतो. यंदा लागला.

बाबा, तुम्ही सनावळी विचारणारच. 1918 साली सुरू झालं हे, पहिलं महायुद्ध थांबून जेमतेम दीड महिना झाला असताना. सुरू केलं एरिक मिलनर-व्हाइट यांनी. ते इथल्या चॅपेलचे डीन, म्हणजे मुख्य पाद्री, आणि सैन्यातही पाद्री म्हणून जाऊन आलेले. मूळ कल्पना मात्र 1880 मधली, ट्रुरो गावची. तिथलं कॅथीड्रल बांधून व्हायचं होतं, म्हणून लाकडी शेडमध्येच गायले होते. बायबलमधली नऊ वाचनं आणि मधे मधे कॅरोल. पहिलं वाचन गायकांतला एक लहान मुलगा करतो, शेवटचं कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख. बीबीसीवर 1928 पासून आहे, फक्त 1930 चा खाडा. दुसऱ्या महायुद्धात इथल्या रंगीत काचा काढून ठेवल्या होत्या, चॅपेलमध्ये ऊब नाही, आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओवर कॉलेजचं नावही घेत नसत. आई, ‘असल्या गारठ्यात पोरांना गायला लावलं?’ असं तू म्हणणार, माहीत आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सुरुवातीच्या ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ या कॅरोलचं पहिलं कडवं एकच मुलगा गातो. साथीला काही नाही, ऑर्गनसुद्धा नाही. 1919 पासून हे असंच. आणि कोण गाणार, ते त्या मुलालाही आधी माहीत नसतं! काही जणांची तयारी करून घेतलेली असते, आणि अगदी ऐन वेळी गुरुजी एकाला खूण करतात. घाबरायला वेळच मिळू नये, म्हणून. मी मागच्या बाजूला बसले होते, त्यामुळे लाल झग्यातली ती पोरं अगदी जवळ उभी होती. खूण झाली, एकाने आवंढा गिळला, पांढरी कॉलर जराशी हलली, आणि आवाज लागला. स्वच्छ. पुढचा दीड तास खिडक्या हळूहळू काळ्या होत गेल्या (चारच्या आधीच मावळतं इथे), शेवटी मेणबत्त्याच तेवढ्या दिसत होत्या. पण माझं डोकं त्या आवंढ्यापाशीच अडकलेलं.

आठवीतलं गॅदरिंग आठवतंय? बाबा, तुम्ही पंधरा दिवस आधीपासून पेटी घेऊन बसायचात. आई, तू अख्ख्या गल्लीला सांगून आलीस. आजीने दृष्ट काढली. आणि दुसऱ्या ओळीला माझी गाडी जी अडली ती अडलीच. घरी येताना रिक्षात कोणी काही बोललं नाही. तुम्ही मला थेट विंगेत सांगायला हवं होतं हो!

मार्चमध्ये येतेय. पेटीचा भाता गळत असेल तर नीट करून घ्या. गाणार आहे, कधी ते विचारू नका. आणि आई, गल्लीत सांगू नकोस.

तुमची,
ठमी